परत न आलेला फॉर्म

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी शाळेतल्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची म्हणून तू पालकांच्या संमतीचे फॉर्म घरी पाठवलेस; त्यातले साठ परत आले नाहीत, हेडमास्तर म्हणतात 'बाकीच्यांवर मी सही करतो', आणि तू विचारतेस, चालेल का? नाही चालणार. शाळेच्या परवानगीने तुला वर्गात शिरता येतं, एवढंच. मुलाला प्रश्न विचारायची मुभा पालकांनीच द्यायची असते. परत न आलेला फॉर्म म्हणजे नकार.

२००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) अभ्यास झाला, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींसाठी पालकांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. माझी तर नुसती प्रश्नावली, असं म्हणशील. पण 'घरी कोणी दारू पिऊन मारतं का' हा प्रश्न तुझ्या प्रश्नावलीत आहे ना? मग?

फॉर्म का अडले ते आधी बघ. निम्मे दप्तराच्या तळाशी चुरगळले असतील. शिवाय तू ते फक्त इंग्रजीत छापलेस, याचा मला खरंच राग आला. आपल्या गोव्यात सासष्टीत रोमी लिपीतली कोंकणी लागेल, पेडणे-डिचोलीत मराठी, बायणा-झुआरीनगरात कन्नड आणि हिंदी. भाषांतर झालं की तिसऱ्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घे; नकाराच्या हक्काची ओळ गुळमुळीत झालेली तिथेच पकडता येते. मजकूर एका पानात बसव. 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही चौकोन हवेत. पालकसभेत समजावून सांग, पण सही तिथे घेऊ नकोस. बाई समोर बसलेल्या असताना 'नाही' कोण म्हणेल? वाचता न येणाऱ्यांना शाळेबाहेरच्या साक्षीदारासमोर वाचून दाखव, मग अंगठा घे. बाप बोटीवर असेल तर आईची सही घे. जोखीम अगदी कमी असेल तर एका पालकाची पुरते. नुसतं मूल सांभाळणाऱ्या आजीची मात्र नाही.

मग मुलाचा होकार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वयाला तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. आई 'हो' म्हणाली आणि मूल 'नको' म्हणालं, तर थांबायचं. आणि 'सगळं गुप्त राहील' ही ओळ खोड. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने तुला तो कळवावाच लागेल, हे फॉर्मवरच लिही.

नमुन्यातली मुलं घटतील, कबूल. ज्या घरांबद्दल तुला जाणून घ्यायचंय, नेमके तिथलेच फॉर्म येणार नाहीत, हेही कबूल. त्यापायी अभ्यास दुबळे होतात, याची मलाही हळहळ वाटते. तरी मी हट्ट सोडलेला नाही, आणि लोक हेकट म्हणतात तर म्हणोत. किती फॉर्म वाटले, किती आले, किती जण नाही म्हणाले, हे आकडे प्रबंधात मांड. परत न आलेला फॉर्म म्हणजे नकार, हे हेडमास्तरांनाही नीट, नम्रपणे सांग.

एकदा स्मरणपत्र पाठव, दुसऱ्यांदा नको. आणि ज्यांचा होकार नाही त्यांना त्या तासाला बाहेर व्हरांड्यात बसवू नकोस. वर्गातच, त्याच बाकावर, चित्रकलेचा कागद दे.