बायोटिनची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

प्रश्न : केस गळतात म्हणून तीन महिने रोज 10 मिलिग्रॅम बायोटिनची गोळी घेते आहे. परवा थायरॉइड तपासलं तर टीएसएच कमी आणि टी-4 जास्त आलं. मला त्रास काहीच नाही. गोळीचा संबंध असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : असू शकतो. म्हणून थायरॉइडचं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगा. अनेक लॅबमधल्या थायरॉइड चाचण्या बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) आणि स्ट्रेप्टाविडिन या प्रथिनाच्या घट्ट जोडीवर चालतात. तुमच्या रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते स्ट्रेप्टाविडिनच्या जागा अडवून बसतं. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारं संप्रेरक, खऱ्यापेक्षा कमी दिसतं. टी-3, टी-4 ही ग्रंथीची स्वतःची संप्रेरकं मोजायची पद्धत उलटी असल्यामुळे ती वाढलेली दिसतात. ग्रंथी ठणठणीत असते आणि कागदावर हायपरथायरॉइड (ग्रंथीचं काम जास्त) उमटतं.

गोळी किमान 2 दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करा. तुमचा डोस मोठा आहे, त्यामुळे 3 दिवस थांबलात तर उत्तम. रक्त देताना लॅबमध्येही सांगा. ‘केस-त्वचा-नखं’वाल्या गमीज घेत असाल तर डबीवरचा आकडा वाचा : 10,000 मायक्रोग्रॅम म्हणजेच 10 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतात!

याहून गंभीर गोष्ट ट्रोपोनिनची. हार्ट अटॅक ओळखण्याची ही चाचणी बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर गोळीचं आधी सांगा.

केसांचं म्हणाल तर बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते. फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं चालू असणाऱ्यांत, किंवा रोज कच्ची अंडी पिणाऱ्यांत ती होऊ शकते. कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅविडिन बायोटिनला धरून ठेवतं. अंडं उकडलं की ती पकड सुटते आणि एका अंड्यातून सुमारे 10 मायक्रोग्रॅम मिळतं. तुम्ही आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनीही केस मूठमूठ गळतात आणि बहुधा आपोआप थांबतात.

प्रश्न : बायोटिन शाम्पूनेही रिपोर्ट बिघडतो का?

उत्तर : नाही. तो मिनिटभर डोक्यावर राहतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. म्हणूनच त्यातल्या बायोटिनसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.