जुन्या .३१५ रायफलचा नेम कसा सुधारावा?

प्रश्न असा: ग्वाल्हेरच्या घरात आजोबांच्या वेळची, लायसन्सवरची .३१५ आहे, गोळ्या फाकतात. नळी बदलावी का?

एवढ्यात नको. ही रायफल लष्करी ली-एन्फील्डच्याच घडणीची, आणि तिचा नेम बहुतेक वेळा नळीखालच्या लाकडामुळे बिघडतो. आपल्याकडचा मे महिना लाकूड सुकवतो, पावसाळा फुगवतो. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा आणि ट्रिगर गार्डचा (ट्रिगरभोवतीच्या धातूच्या कडीचा) पुढचा स्क्रू तपासा. तो ढिला असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग परवानाधारक गनस्मिथकडून लाकूड उतरवून घ्या. धक्का झेलणारे लाकडाचे दोन खांदे ट्रिगरच्या जरा पुढे असतात. त्यांना टेकणाऱ्या धातूवर काजळ लावून लाकूड परत बसवायचं, स्क्रू आवळायचा आणि उतरवून बघायचं. ठसा एकाच बाजूला उमटला तर प्रत्येक बाराला धातू तिरका सरकतोय. तिथे पातळ पाचर किंवा इपॉक्सी भरतात. खांदे खरवडू देऊ नका, फट उलट वाढते.

दुसरं दुखणं नळीच्या तोंडाशी. वर्षानुवर्षं तोंडाकडून सफाईचा गज घातला की कड एका बाजूला झिजते. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून मागूनच साफ करा. कड नव्याने कापणं गनस्मिथचं काम. नळी आखूड करायला मात्र शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे वेगळा परवाना लागतो.

चाचणी रेंजवरच, ५० मीटरवर, एकाच लॉटच्या ५ गोळ्यांनी. वाळूची पिशवी लाकडाखाली ठेवा, नळीखाली नाही.