मस्ट, माइट की कान्ट?

इंग्रजीत अंदाज सांगायचा असेल, तर मस्ट म्हणजे फक्त ‘केलंच पाहिजे’ हे शाळेतलं समीकरण आधी बाजूला ठेव. घरात दिवा चालू आहे, टीव्हीचा आवाज येतोय, तेव्हा ‘ही मस्ट बी ॲट होम’, म्हणजे तो घरी असणारच. इथे सक्ती नाही, पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. त्याला घरात पाहिलंच असशील, तर सरळ ‘ही इज ॲट होम’ म्हण. मस्ट लावलंस की खात्री उलट थोडी कमीच होते.

खरी गोची नकारात आहे. ‘असूच शकत नाही’ यासाठी कान्ट वापर: ‘ही कान्ट बी ॲट होम’. मस्टन्ट मनाईसाठी राखून ठेव. ‘माइट नॉट बी’ म्हणजे कदाचित नसेल, पण ‘कुडन्ट बी’ म्हणजे शक्यच नाही. होकारात माइट आणि कुड जवळजवळ सारखेच (‘कदाचित असेल’), नकारात मात्र असे फाकतात! मे आणि माइटमध्ये शक्यतेचा किती टक्क्यांचा फरक, या वादात माझ्या मते पडूच नकोस.

भूतकाळासाठी हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप जोड: ‘शी मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन’, तिची गाडी चुकली असणार. बोलताना ते ‘मस्टव्ह’ असं ऐकू येतं, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेलेही कधीकधी ‘मस्ट ऑफ’ लिहून बसतात. तू लिहू नकोस.