जे डायरीत लिहिता येत नाही

पोरी,

रविवारी तुझा चहा तसाच निवून गेला. उठताना म्हणालीस, "सर, चूक आहे कळतंय, पण ठाण्यात आणलेल्या त्या पोरावर मारायचा पट्टा काढला आणि चोरीची गाडी सापडली ना?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

नाशिकच्या पोलीस अकादमीत कायदा शिकून आलीस, तो पुन्हा शिकवत बसत नाही. एकच सांगतो. जे स्टेशन डायरीत, ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, लिहिता येत नाही, ते करायचं नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३ आहे. त्या कबुलीतून वस्तू हाती लागली, तर तेवढाच भाग चालतो. म्हणून सगळी धाव रिकव्हरीकडे, आणि म्हणून पट्टा. मी ज्या ठाण्यात होतो, तिथल्या पट्ट्यावर 'सत्यशोधक' असं पेनानं लिहिलेलं होतं. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी सत्यशोधक चळवळीला बळ दिलं, त्या कोल्हापुरात! रोज वाचायचो आणि गप्प बसायचो.

१९९८ चा पावसाळा. पंचगंगेकाठच्या पाण्याच्या मोटारी चोरल्याच्या संशयावरून विशीतला एक पोरगा आणला. सकाळी तो चपला हातात धरून उभा होता, तळपाय सुजून पायात जाईनात. डायरी माझ्याकडे होती. मी लिहिलं, 'पळून जाताना पडून मुका मार.' दोनच वर्षांपूर्वी डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं अटकेचा मेमो, नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, सगळं बजावलं होतं. मी हात लावला नव्हता. घरात दोन लहान पोरं, वर साहेब. काय करणार होतो? असं आजही स्वतःला सांगतो. पण अक्षर माझंच होतं, पोरी. मोटारी पुढं दुसऱ्याच टोळीकडं सापडल्या.

त्यानंतर खोटी ओळ लिहिली नाही. बदल्या झाल्या, होऊ दे.

बळ वापरूच नये असं मी म्हणत नाही. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात शिवाजी चौकात जमाव आवरेना, तेव्हा लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला. तसल्या वेळी इशारा कुणी दिला, हुकूम कुणाचा, जमाव पांगल्यावर हात थांबला का, हे कागदावर येतं. चुकलं तर त्याच कागदावरून जाब विचारता येतो. बंद खोलीतल्या पट्ट्याचा कागद कुठाय?

सुधारणांचं म्हणशील, तर सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रार प्राधिकरण नेमा, असं स्पष्ट आहे. गणपतीच्या बंदोबस्तात रात्रभर उभा राहिलेला माणूस सकाळी तपासाला बसतो, वरून 'डिटेक्शन किती' म्हणून फोन येतो. हे बदललंच पाहिजे, त्यासाठी भांड. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांवर मात्र सगळं सोडू नकोस. पट्टा कॅमेऱ्यापुढं निघत नाही, आणि डायरी तर तुझ्याच हातात आहे. सगळं सुधारेल तेव्हा लिहीन, असं म्हणत बसू नकोस. मी तेच केलं.

तुझ्या ठाण्यातल्या त्या पोराची सीपीआर रुग्णालयात तपासणी झाली का? रविवारी विचारायचं राहिलं. झाली नसेल तर आजच ने. डॉक्टर तपासतील तेव्हा मारणाऱ्यांपैकी कुणी जवळ नको. आणि परत आल्यावर वेळेसकट नोंद कर, तुझ्या अक्षरात.

तुझा,
काका