यादी भरली, पण वाचली कुणी?

प्रश्न : आमच्या साठ खाटांच्या ट्रस्ट रुग्णालयात वर्षभरापूर्वी जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी सुरू केली. फायली पाहिल्या तर प्रत्येक पान भरलेले, सह्या जागच्या जागी. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मात्र काहीच बदललेले दिसत नाही. प्रमुख म्हणून मी काय करावे?
— एक वैद्यकीय अधीक्षक

उत्तर : सगळीच पाने भरलेली असतील तर आधी शंका घ्या. संध्याकाळी ओटी आवरताना सिस्टर दिवसभराचे कागद पुढे घेऊन एका दमात टिक करत असतील. त्यांना दोष देऊ नका. तुम्ही कागद मागितला, त्यांनी कागद दिला.

१९ मुद्द्यांची ही यादी २००८ साली आली. पुढच्याच वर्षी आठ देशांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूंचे प्रमाण यादीआधी १.५ टक्के होते, नंतर ०.८ टक्के झाले. तीच यादी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सरसकट लागू झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ च्या अभ्यासात मात्र लक्षणीय घट दिसली नाही. याच्या कारणांवर तज्ज्ञांत वाद आहे. आमचे मत सरळ आहे : वरून आदेश निघाला म्हणून ओटीतली माणसे बोलायला लागत नाहीत.

यादीत तीन थांबे आहेत : भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी. तिन्ही वेळा एकाच व्यक्तीने, शक्यतो फिरत्या सिस्टरने (जी शस्त्रक्रियेत हात न घालता ओटीत लागेल ते आणून देते), मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी हातातले काम थांबवायचे. दुसरा थांबा पुरा होईपर्यंत स्क्रब सिस्टरने, म्हणजे टेबलापाशी हत्यारे देणाऱ्या सिस्टरने, सर्जनच्या हाती ब्लेड द्यायचे नाही. एवढा एक नियम करा, मग खरी परीक्षा सुरू होते. आठवड्याभरात कुणीतरी ज्येष्ठ सर्जन खेकसणारच. त्या दिवशी तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहता, याकडे सगळ्या ओटीचे लक्ष असते. सर्जनशी त्याच दिवशी, पण एकट्यात बोला. सिस्टरला मात्र सगळ्यांदेखत सांगा की तिने बरोबर केले. इथे गप्प बसलात तर यादी पुन्हा फाइलीत गेली म्हणून समजा.

आठवड्यातून दोनदा, न सांगता, पहिल्या केसला दहा मिनिटे ओटीत उभे राहा. फाइल मागू नका. यादी मोठ्याने वाचली का, हात थांबले का आणि अँटिबायोटिक छेदाआधीच्या ६० मिनिटांत दिले का, एवढेच पाहा. तिसरी गोष्ट बहुधा चुकलेली सापडेल. इंजेक्शन वॉर्डातून देऊन पेशंट खाली पाठवतात, इकडे आधीची केस लांबते आणि दोन तास जातात. यावर सूचनापत्रक काढून काही होत नाही. औषधाचा साठा ओटीच्या कपाटात ठेवा, त्याचे इंडेंट (मागणीपत्र) ओटीच्या नावाने निघू द्या आणि डोस भुलीच्या वेळी तिथेच द्या. हा बदल सिस्टरच्या हातात नसतो, तुमच्या हातात असतो.

बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांना पुढच्या रुग्णालयाची घाई असते. म्हणून केसेसच्या वेळा लावतानाच थांब्यांची मिनिटे धरा. सुरुवात एकाच टेबलावर, राजी असलेल्या सर्जनबरोबर करा. मुद्दे आपल्या सोयीने बदलायला, वाढवायला हरकत नाही. खुद्द संघटनेनेच ती मुभा दिली आहे.

प्रश्न : रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टरच हवा का?

उत्तर : सक्ती नको. पण तो डॉक्टर नसेल तर सर्जनला अडवू शकेल असा एक ज्येष्ठ डॉक्टर त्याच्या पाठीशी हवाच.

प्रश्न : सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितला तरी पेशंट घरी जायला पाच वाजतात. बिलिंगवाल्यांना कितीदा बोललो!

उत्तर : बिलिंगला बोलण्याआधी आठवडाभर प्रत्येक पेशंटमागे चार गोष्टींची वेळ नोंदवून घ्या : डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला कधी, डिस्चार्ज कार्ड तयार कधी, उरलेली औषधे फार्मसीत परत कधी, अंतिम बिल कधी. अनेकदा अडते ते कार्डापाशी, कारण निवासी डॉक्टर ते ओपीडी संपल्यावर लिहायला बसतात. उद्या कोण जाणार हे आदल्या संध्याकाळच्या राउंडलाच ठरवा. कार्ड आणि औषध परतावा रात्रपाळीत उरकतो. विम्याचे पेशंट वेगळे मोजा. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीतले तास यात मिसळले की दोष भलत्याच टेबलावर जातो.