टेलरचा वैज्ञानिक व्यवस्थापनाचा सिद्धांत आज कालबाह्य झाला आहे का?

कालबाह्य अजिबात नाही. काम घड्याळ लावून मोजायचं आणि ते करायची पद्धत त्यावरून ठरवायची, हा फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरचा विचार. गोदामात एक पार्सल भरायला किती सेकंद, शिलाईच्या लाइनवर एका कॉलरला किती, हे आजही मोजलं जातं. स्टॉपवॉचच्या जागी स्कॅनर आला, एवढाच फरक.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आमचे सर म्हणतात की कामगार मुळातच कामचुकार असतो, हे टेलरने सिद्ध केलं." ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. भोसरीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी टाइम स्टडीची, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजण्याची केली आणि हेच वाक्य आमच्या प्लांट मॅनेजरच्या तोंडून मी वर्षानुवर्षं ऐकलं.

आमच्याकडे एक फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची भोकांची चकती, ड्रिलिंगला यायचा. सहा भोकं, त्यासाठी जिग (जॉब पक्का धरून भोकांची जागा दाखवणारा साचा), जिगच्या मधोमध स्टड (आटे पाडलेला दांडा) आणि नट. दर जॉबला नट पूर्ण काढायचा, जॉब उचलायचा, एअर गनने चिप उडवायच्या, नवा जॉब बसवायचा, नट परत आवळायचा. ड्रिलपेक्षा नटावरच जास्त वेळ जायचा. त्या मशीनवर मंगळवेढ्याकडचा एक ऑपरेटर होता. त्याने टूलरूममधल्या दोस्ताकडून एक जाड वॉशर करून घेतला होता, एका बाजूने खाच पाडलेला. नट अर्धा फेरा सैल केला की वॉशर बाजूने ओढून काढता यायचा आणि जॉब नटावरून सरळ वर निघायचा. जिग काढणाऱ्या डिझाइनवाल्याला जे सुचायला हवं होतं, ते आयटीआय झालेल्या या पोराला सुचलं.

मी स्टडी बोर्ड घेऊन जवळ गेलो की खाचेचा वॉशर ड्रॉवरमध्ये आणि साधा वॉशर जिगवर. जिगवर घासल्याची चकचकीत खूण होती, त्यामुळे न कळण्यासारखं काही नव्हतं. चहाच्या सुट्टीत विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, पलीकडच्या लाइनला असंच एकाने डोकं चालवलं. नॉर्म वाढला, इन्सेंटिव्ह गेला, वर दोन टेंपररी घरी बसवले. मी कशाला माझ्या हाताने शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊ?"

नॉर्म म्हणजे दिवसाला किती नग काढायचे तो ठरलेला आकडा, आणि त्याच्या वर काढलेल्या मालाचे जास्तीचे पैसे म्हणजे इन्सेंटिव्ह. मी गप्प राहिलो. पुढे नाइट शिफ्टच्या सुपरवायझरने तो वॉशर पाहिला आणि वर कळवलं. मीटिंग झाली. मी म्हटलं, वॉशर सगळ्या मशीनवर लावू, पण पुढचा वेतन करार होईपर्यंत नॉर्मला हात लावायचा नाही. जास्तीच्या मालाचा इन्सेंटिव्ह त्या माणसांना मिळू दे, आणि करारात वाचलेल्या वेळेची वाटणी ठरवू. मॅनेजर म्हणाले, "मेथड बदलली की स्टँडर्ड टाइम बदलतो, हे तुम्हीच शिकवता ना? आणि कामगार ही जातच कामचुकार. उद्या आणखी काही लपवतील." महिनाअखेर नॉर्म वाढला. त्या पोराचा इन्सेंटिव्ह गेला आणि त्यानंतर त्या लाइनवरून सूचनापेटीत एक चिठ्ठी पडली नाही.

कामचुकार माणूस स्वतःच्या ओळखीपाळखी वापरून वॉशर घडवून घेतो का?

टेलरने हे ओळखलं होतं, म्हणून तुमच्या सरांचं वाक्य चुकीचं आहे. तो कागदावरचा तज्ज्ञ नव्हता. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये लेथवर काम करून मुकादम झाला आणि जास्त उत्पादनासाठी तिथल्याच कामगारांशी काही वर्षं भांडला. माणसाला आराम आवडतो हे तो मानायचाच. पण त्याहून मोठं दुखणं म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवून हात आखडता घेणं, आणि त्याचं कारण त्याने स्पष्ट सांगितलं: कामगार जास्त माल काढू लागला की मालक पीस रेट, म्हणजे नगामागची मजुरी, कापतो. दोनतीनदा रेट कापला गेला की शहाणा माणूस पुन्हा वेग दाखवत नाही. 1911 साली त्याने हे छापलं. लोक घड्याळ लक्षात ठेवतात आणि हे पान विसरतात.

हार्वर्डचा प्राध्यापक एल्टन मेयो याच्या नावाने ओळखले जाणारे हॉथॉर्नचे प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात असतीलच. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 साली एका खोलीत 14 जणांचं निरीक्षण केलं, तो भाग नीट वाचा. दिवसाचं पुरेसं काम किती, हे त्यांनी आपसांत ठरवलेलं होतं. कुणी पुढे पळू लागला तर त्याला 'रेट बस्टर' (सगळ्यांचा दर बिघडवणारा) म्हणायचे आणि दंडावर गुद्दा मारायचे. मेयोच्या मंडळींनी याला गटाच्या भावना म्हटलं. मला ते पटत नाही. बाहेर महामंदी, रोज माणसं कमी होतायत, अशा वेळी वेग वाढवला तर उद्या कोण घरी जाणार, याचा तो सरळ हिशेब होता. भोसरीतल्या पोराने मला तोच सांगितला.

आता टेलरची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी त्याचा वकील वाटेन. बेथलेहेम स्टीलची प्रसिद्ध गोष्ट घ्या: कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा माणूस दिवसाला 12.5 टनांवरून 47.5 टनांवर गेला आणि मजुरी 1.15 डॉलरची 1.85 झाली. काम जवळजवळ चौपट, पैसे साठ टक्के जास्त. वाटणीत ही खोट तिथेही होतीच. शिवाय अशा कामाला बैलासारखा मंद माणूस बरा, असं त्याने लिहिलंय. ते अक्षम्य आहे. नंतरच्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून ही गोष्ट बरीच रंगवलेली असल्याचंही दाखवलं. वाटणी युनियनशी बसून ठरवावी हे त्याला कधी मान्य झालं नाही. शास्त्राने आकडा काढला की वाद संपला, असं त्याला वाटायचं. तसं होत नाही. वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात 1911 साली स्टॉपवॉचवरूनच संप झाला, आणि पुढे अमेरिकन काँग्रेसने सरकारी शस्त्र कारखान्यांत घड्याळ लावायला पैसाच नाकारला.

परीक्षेत 'टेलर विरुद्ध मेयो' असा तक्ता मागतील, तो काढा, मार्क मिळतील. उद्या प्लांटमध्ये लागलात तर मात्र आधी वेतन करार मागून घ्या आणि 'मेथड चेंज'चं कलम वाचा. सुधारणा मॅनेजमेंटने पैसा घालून केली तर नॉर्म बदला, माझी हरकत नाही. ऑपरेटरने केली असेल तर वाचलेल्या वेळेतला त्याचा वाटा किती आणि किती काळ, हे त्या कलमात लिहून घ्या, सही-शिक्क्यासह. तोंडी आश्वासनावर कुणी ड्रॉवर उघडत नाही.