देशी झाडांना पाणी कमी लागतं म्हणतात, मग माझी रोपं का वाळतायत?

तुम्ही लिहिलंय की हवा कोरडी म्हणून मुद्दाम देशी रोपं आणली, रोज थोडं थोडं पाणी घातलं, तरी काही वाळली आणि काही पिवळी पडली. मला अडचण त्या 'रोज थोडं थोडं' मध्येच दिसते.

देशी झाड कमी पाण्यावर जगतं ते मुळं खोल गेल्यावर. शमीला भर उन्हाळ्यात नवी पालवी फुटते, कारण तिचं सोटमूळ कितीतरी मीटर खाली ओलीपर्यंत पोचलेलं असतं. पिशवीतून काढलेल्या रोपाकडे मात्र वीतभर मुळांपलीकडे काही नसतं. त्याला पहिली दोन वर्षं पाणी द्यावंच लागतं. पण रोज फक्त वरची माती भिजली तर मुळं तिथेच पसरतात आणि एखादं पाणी चुकलं की रोप माना टाकतं. तेव्हा एकदाच भरपूर द्या, ओल फूट-दीड फूट खाली जाईल इतकं, आणि पुढचं पाणी वरची चार बोटं माती कोरडी झाल्यावरच. खात्री नसेल तर काठी खुपसून बघा. आळं बुंध्याला खेटून ठेवू नका, झाड वाढेल तसं बाहेर सरकवत न्या. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याही पलीकडे असतात.

खड्डा भरताना निघालेलीच माती परत घाला. शेणखताने भरलेल्या मऊ खड्ड्यात मुळं आतल्या आत फिरत राहतात, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरत नाहीत. रासायनिक खत तर नकोच. ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियासारख्या झाडांना जास्त फॉस्फरस चक्क विषारी ठरतं, इतकी ती गरीब मातीला सरावलेली असतात. त्यापेक्षा दोन-तीन इंच पालापाचोळा अंथरा, बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडून.

रोप लहानच घ्या. मोठं झाड पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळून बसलेलं असतं, लहान रोप दोन-तीन वर्षांत बहुधा त्याला गाठतं. लावायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर. पाऊस हिवाळ्यात पडणारा प्रदेश असेल तर हिवाळ्याच्या आधी.

आता तुमच्या रोपांचं. पिवळी पडलेल्यांची माती हलकेच उकरा. मुळं काळपट, मऊ असतील तर पाणी जास्त झालंय. पाणी थांबवा आणि निचरा होतो का ते तपासा. 'वाळलेली' मात्र घाईने उपटू नका. बोर ऐन उन्हाळ्यात पानं टाकून विश्रांती घेते, ती मेलेली नसते. नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे, त्याला पुढच्या पावसापर्यंत वेळ द्या.